दुसरा दोरा

भिसेगावच्या आबाजी सुताराच्या पडवीत त्या दुपारी एकूण सात पाय होते. आबाजीचे स्वतःचे दोन, त्याच्या भाच्याचा, हिरूचा, एक, आणि कुडाला टेकवून ओळीने उभे केलेले लाकडाचे चार. चारांतला पहिला सागाचा, वजनाला पक्का पावणेचार शेर. दुसराही सागाचाच, पण आतून-बाहेरून करंजेल पाजलेला. तिसरा शिवणीच्या लाकडाचा, निम्म्या वजनाचा. तो एक रात्र उल्हास नदीच्या डोहात दगड बांधून बुडवला होता, म्हणून त्याच्या बुडाशी अजून शेवाळाची हिरवी रेघ होती. चौथा पुन्हा शिवणीचा, आतून लाखेचा हात दिलेला. चारही पायांच्या तोंडाचा घेर एकच होता, बारा इंच एक सूत, म्हणजे बारा इंचांवर इंचाचा आठवा हिस्सा. ज्या दोऱ्यावरून तो घेर घेतला तो एका गाठीचा दोरा खुंटीला लोंबत होता. आणि हिरूच्या कापलेल्या पायाच्या उरलेल्या खुंटाच्या टोकाला दोन जखमा होत्या, एक सुकत आलेली आणि एक ताजी.

सन १८९१चा वैशाख चालला होता. आदल्या श्रावणात कर्जत स्टेशनच्या आवारात रुळांचा सांधा फिरवताना हिरूचा पाय ओल्या स्लीपरवरून घसरला आणि मालडब्याचं चाक त्यावरून गेलं. मुंबईच्या दवाखान्यात गुडघ्याखाली आठ बोटं ठेवून बाकीचा पाय काढून टाकला. सांधेवाल्याचं काम गेलं. राहायला मिळालेली रेल्वेची खोलीही जायचीच होती; पण पाहणीच्या साहेबाला हिरूची नऊ वर्षांची नोकरी ठाऊक होती. भिसेगावच्या गाडीवाटेवर जे फाटक आहे तिथला फाटकवाला म्हातारा होऊन घरी बसला होता. साहेब म्हणाला, हिरूला ती जागा देऊ, पण चालून दाखवावं लागेल.

चालून दाखवायचं म्हणजे कसं, तेही साहेबाने ठरवून दिलं होतं. रुळावर गाडंबैल अडकलं तर फाटकवाल्याने लाल निशाण घेऊन पाव मैलाच्या दगडापर्यंत जायचं, तिथे रुळावर दोन फटाके बांधायचे, म्हणजे चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर सावध होतो, आणि परत फाटकावर यायचं. एका हातात निशाण, दुसऱ्यात कंदील. काठीला हात मोकळा नाही. वेळ पंधरा मिनिटं. आणि हे सकाळी ताजंतवानं असताना नव्हे, तर पहाटेपासून फाटकावर उभं राहून दिवस मावळतीला लागल्यावर. परत आल्यावर पाय सोडून दाखवायचा. रक्त दिसलं तर जागा गजाला. हा गजा खोपोलीचा, धडधाकट दोन पायांचा गडी, अर्ज करून बसलेलाच होता.

तो दिवस सोमवार होता. साहेब शुक्रवारी येणार होता.

"सकाळी कसा बसतोय?" आबाजीने विचारलं. त्याने हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत पन्नास वेळा विचारला असेल.

"सकाळी झ्याक बसतोय, मामा. दुपारपातुर मी माणूस हाय. तीनाच्या पुढं मंग खुंट आत फिराया लागतो, घंटंतल्या लोळ्यागत. टोक खाली बुडाला आपटतं. मंग डोळ्यांम्होरं काजवं."

"लाकूडच हलतंय मेलं."

"चारी वेळा?"

"वैशाख हाय रं बाबा! वैशाखात गाडीचं चाक खुळखुळतं, आरं सुटतात तुंब्यातनं. ह्ये तर उलीसं भोक."

हिरू जन्माने सुतारच. पण सोळाव्या वर्षी सुतारकीचा वाकस टाकून त्याने रेल्वेचं निशाण धरलं, याचा राग आबाजीच्या पोटात दहा वर्षं होता. पाय गेल्यापासून तो राग कुठे ठेवावा हे त्याला कळेनासं झालं होतं, म्हणून तो सगळा लाकडावर काढत होता. तेल पाजून पाहिलं, चाकासारखं डोहात बुडवून पाहिलं, लाख दिली. लाकूड बदललं. संध्याकाळ झाली की पाय सैलच.

पाय जमेपर्यंत हिरू आणि त्याची बायको आवडी मामाकडेच मुक्कामाला होती. आवडी आतून तांब्या घेऊन आली. तिने चौथा पाय उचलून उलटा केला आणि आत बोट फिरवलं. बोट काळं झालं.

काजळाची युक्ती आबाजीचीच होती. चाकाच्या मधल्या तुंब्यात आस नीट बसते की नाही हे पाहायला गाडीवाले सुतार तेलात कालवलेलं काजळ लावतात. जिथे घासतं तिथे खूण उमटते. आबाजीने खुंट बसतो त्या खोबणीत काजळ लावून हिरूला रोज चालवलं होतं. सकाळी काळं लागे ते गुडघ्याच्या वाटीखाली आणि दोन्ही बाजूंच्या मांसाला, टोक कोरं. तिथेच भार यावा म्हणून आबाजीने खोबणीला आतून तसा उतार दिला होता. संध्याकाळी मात्र टोकावर रुपयाएवढा काळा ठिपका, आणि त्याच्या मधोमध रक्त.

"मामा, एक इचारू?" आवडी म्हणाली. "भोक मोठं झालं म्हंता, तर भोक कवा मापलंत?"

"मापायचं काय त्यात? खाली जातोय तर मोठंच झालं आसंल."

"आसंल, म्हंजे मापलं नाय."

आबाजीने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग त्याने खोबणीत चपखल बसेल अशी शिवणीची एक निमुळती मेख तासली. मेख आत दाबली, काठाशी खिळ्याने रेघ ओढली आणि तो पाय अंगणात उन्हात ठेवून दिला. मंगळवारी सकाळी पुन्हा दाबली. मंगळवारी दुपारी तीनला, हिरूने सकाळपासून चढवलेला सागाचा पाय उतरवल्यावर, पुन्हा दाबली. रेघ काठालाच राहिली, केसभरही वर-खाली झाली नाही.

आबाजीने मेख आणखी एकदा दाबून पाहिली. लाकूड हललंच नव्हतं. चार पाय, दोन महिने, एक डोह, आणि लाकूड बिचारं आपल्या जागी होतं.

"मंग काय हललं?" आवडी म्हणाली. "वस्तू तर दोनच हायत. एक लाकूड, एक ह्ये." तिने नवऱ्याच्या खुंटाकडे हनुवटी केली.

"मांस सांजचं फुगतं गं," आबाजी म्हणाला. "तुझ्या पायातलं तोडं सांजचं घट होत्यात का नाय?"

"व्हत्यात."

"मंग फुगला तर घट व्हाया पायजे. सैल कसा व्हईल?"

"त्ये मला काय ठावं? दोरा लावा, दोरा सांगंल."

आबाजीने खुंटीवरच्या दोऱ्याकडे पाहिलं. हिरूने मान खाली घातली.

आबाजीच्या घराण्यात जिवंत माणसाच्या अंगाला दोरा एकदाच लावायचा. पहिला दोरा कामाचा, दुसरा तिरडीचा, असं त्याचा बाप म्हणे. गावात कोणी गेलं की मापाला दोरा घेऊन सुतारच जाई, म्हणून हा नेम. आबाजी सात वर्षांचा असताना त्याच बापाने हौसेने थोरल्या मुलाची उंची दोऱ्याने मापली, आणि किती वाढला ते पाहायला वर्षाच्या आत पुन्हा मापली. त्या भाद्रपदात थोरला तापाने गेला. बाप नंतर तीस वर्षं जगला, पण दुसऱ्यांदा दोरा त्याने कोणाला लावला नाही. हिरूचा खुंट आबाजीने फाल्गुनात एकदा मापला होता, सकाळी, हिरू अंथरुणातून उठल्या उठल्या. त्या एका गाठीवर चारही पाय झाले होते.

"दुसरं कायतरी बघू," आबाजी म्हणाला. "पट्टा आवळू मांडीचा."

"मांडीचा पट्टा आवळून आवळून मांडी काळी पडली," हिरू म्हणाला. "मामा, आयुष्य कमी होत आसंल तर होऊं दे. कमी होऊन किती होईल? पायाएवढं. त्यो तर आदीच गेलाय."

"जिभंला हाड नाय तुझ्या."

"पायाला बी नाय."

आवडी हसली नाही. ती म्हणाली, "मामा, शुक्रवारी ह्यांना रगत आलं तर खोली जाईल. मंग मी आन् ह्ये कुठं जायचं त्ये दोरा मापून सांगाल का?"

आबाजीने मेख खाली ठेवली. मग तो उठला, खुंटीवरचा दोरा काढला आणि हिरूपुढे उकिडवा बसला. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजली, जिथे फाल्गुनात मोजली होती तिथेच, आणि दोरा फिरवला. दोरा त्याच्या बोटांतून दोनदा सुटला. तिसऱ्यांदा हिरूने स्वतःच टोक दाबून धरलं. आबाजीने गाठ मारली, दोरा दोन फुटी पट्टीवर ताणला आणि पट्टी उजेडाकडे धरली.

अकरा इंच पाच सूत.

पहिली गाठ बारा इंच एक सुतावर होती. दोन गाठींमध्ये अर्ध्या इंचाची मोकळी जागा राहिली होती.

"रोडावला!" आबाजी ओरडला. "फुगला नाय, रोडावला!"

बुधवारी पहाटे, हिरूने पाय चढवायच्या आधी, त्याने पुन्हा दोरा लावला. या वेळी हिरूच म्हणाला, "दुसऱ्याला जीव गेला नाय, आता तिसऱ्याला काय जातोय." बारा इंच एक सूत. रात्रीतून खुंट पुन्हा होता तेवढा झाला होता.

आवडी ताक घुसळत होती. ती तिथूनच म्हणाली, "फडक्यात दही बांधलं तर पानी निथळून चक्का उरतोच की. दिसभर लाकडात आवळून ठिवलंय त्ये मांस. माज्या पायाला कोन दाबतंय?"

आबाजीला हे एकदम पटलं, आणि पटल्यावर त्याला स्वतःचीच चीड आली. आता हिशोब सोपा होता. चाकावर लोखंडी धाव चढवताना सुतार-लोहारांना ठाऊक असतं की धाव एक सूत जाड असली तर बाहेरचा घेर सहा सुतांहून थोडा जास्तच वाढतो. इथे घेर चार सुतांनी कमी पडत होता. म्हणजे खुंटाभोवती पाऊण सुताहून जरा कमी जाडीचं काहीतरी हवं. तेही एकदम नको. दुपारी निम्मं, चारला निम्मं.

आवडीने जुनी पासोडी फाडली. कापडाचे तुकडे आबाजीच्या मापाच्या पट्ट्यांमध्ये दाबून मोजले. एक पदर सुताच्या तिसऱ्या हिश्शाएवढा भरला. तिने पिशवीसारख्या दोन खोळी शिवल्या. बुधवारी हिरू त्या घालून चालला आणि संध्याकाळी खुंटाच्या पुढच्या अंगाला लाल रेघ उमटली, शिवणीच्या टाक्यांसकट. आवडीने शिवण उसवली, टाके बाहेरच्या बाजूला घेतले आणि शिवण पोटरीच्या मऊ मांसावर येईल अशी फिरवली. गुरुवारी हिरू पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत अंगणात उभा राहिला आणि चालला. एक खोळ दुपारी बाराला, दुसरी चारला. पाय काढल्यावर आबाजीने आत बघितलं. बुडाचं काजळ जसंच्या तसं होतं.

"फाटकावर चारला चौकीत जाऊन बदल," आबाजीने बजावलं. "विसरशील."

"नाय विसरत. पर चौकीतच. लोकांम्होरं पाय काढून बसनार नाय मी." हिरूने ते हसत म्हटलं नाही. पाय गेल्यापासून खुंट त्याने या पडवीबाहेर कोणाला दाखवला नव्हता.

शुक्रवारी फाटकावर बाराची खोळ वेळेवर चढली. चारच्या सुमारास एक मालगाडी येण्याची घंटा झाली आणि हिरूने फाटक लावलं. गाडी येणार म्हटल्यावर ती निघून जाईपर्यंत फाटकवाल्याने चौकीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम. मालगाडी आलीच नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या आणि आंब्यांच्या गाड्या तुंबल्या, बैल फुसफुसू लागले, गाडीवान शिव्या देऊ लागले. सव्वाचार. साडेचार. दुसरी खोळ हिरूच्या कंबरेला खोचलेली तशीच होती. पाच वाजायला पाच मिनिटं असताना मालगाडी गेली, आणि तिच्या मागोमाग चार माणसांनी रुळांवरून ढकललेल्या हातगाडीवरून साहेब उतरला. बरोबर कारकून, कारकुनाच्या हातात वही.

गजा स्लीपरांच्या ढिगावर बसला होता. आबाजी आणि आवडी कुंपणाशी उभे होते.

साहेबाने घड्याळ काढलं. हिरूने एकवार चौकीच्या दाराकडे पाहिलं. साहेबाने हात खाली केला.

हिरू निघाला. डाव्या हातात निशाण, उजव्यात कंदील, रुळांच्या कडेच्या खडीवरून. पहिली शंभर पावलं ठीक पडली. आबाजी डोळे मिटून ऐकत होता. लाकडाचा ठक, बुटाचा खच, ठक, खच. तिथपर्यंत आवाज एकसारखा होता. मग ठक दुहेरी झाला. ठक-टक. आधी पाय जमिनीला, मग खुंट खोबणीच्या बुडाला. घंटेतला लोळा.

"बस!" आबाजी ओरडला. "हिरू, खाली बस!"

हिरू थांबला. मागे वळून पाहिलं. फाटकावर साहेब होता, कारकून होता, पंधरा-वीस गाडीवान होते, भिसेगावच्या चार बायका डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या होत्या.

"दमला का रं?" गजा ढिगावरून म्हणाला. "उचलून आनू?"

हिरू पुन्हा चालू लागला. ठक-टक. ठक-टक. आबाजीला प्रत्येक टक आपल्या दातांत लागल्यासारखा वाटला. त्याला माहीत होतं, असा पाव मैल म्हणजे रक्त नक्की.

"आवडी, हाक मार," तो म्हणाला. "माझं ऐकत नाय."

आवडीने नवऱ्याला नावाने कधी हाक मारली नव्हती. तिने कुंपणाची काठी धरली, पदर खोचला आणि सगळ्या गाडीवानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडली, "अवो, कापलेल्या पायाची लाज खोलीत आल्यावर वाटून घ्या! आदी खोली राखा!"

गाडीवानांत कोणीतरी हसलं. हिरू उभा राहिला. मग तो स्लीपरच्या टोकावर बसला, कंदील बाजूला ठेवला, धोतर वर घेतलं आणि सगळ्यांच्या देखत मांडीचा पट्टा सोडला.

हसणारा गप्प झाला. आबाजी मनात अंक मोजू लागला. अंगणात सराव करताना हे काम दोनशे अंकांत होई. पाय निघाला, वीस. आधीची खोळ निसटली होती, ती पुन्हा ओढली, चाळीस. दुसरी कंबरेतून काढली, उलटीसुलटी बघितली, शिवण मागे घेतली. सत्तर. सुरकुती राहिली, हिरूने ती तळहाताने खालून वर सारली. नव्वद. पाय चढवला. पट्ट्याची जीभ भोकात जाईना. एकशे दहा, वीस, तीस. गेली. हिरू हातांवर जोर देऊन उठला, कंदील घेतला. एकशे पंचेचाळीस.

 घड्याळ साहेबाच्या तळहातावर उघडंच होतं.

ठक, खच. ठक, खच. आवाज लांब जात बारीक झाला आणि मग ऐकूच येईना. पाव मैलाच्या दगडापाशी हिरू वाकलेला दिसला. फटाके बांधत होता. तो सरळ झाला आणि मोठा होत येऊ लागला. आबाजीने पुन्हा डोळे मिटले. परत येताना आवाज आधी फार बारीक होता, त्यात एक ठोका की दोन ते कळेना. मग कळला. एक होता.

मधेच गजा ढिगावरून उतरला आणि हिरूच्या वाटेत आडव्या आलेल्या बैलाची वेसण धरून त्याला मागे सारलं.

हिरू फाटकाच्या खांबाला हात लावून उभा राहिला. साहेबाने घड्याळ मिटलं आणि चौकीच्या पायरीकडे बोट केलं. हिरू बसला. या वेळी त्याने कोणाकडे न पाहता पट्टा सोडला, पाय काढला, एक खोळ काढली, दुसरी काढली. साहेबाने खिशातून पांढरा रुमाल काढून खुंटाच्या टोकावर दाबला, सुकलेल्या जखमेवर आणि ताज्या जखमेवर, आणि तो उलगडून कारकुनाला दाखवला. मग इंग्रजीत दोन शब्द बोलला.

आबाजी कुंपणाच्या आत आला होता. त्याच्या मुठीत दोरा होता, दोन गाठींचा. त्याने कारकुनाला विचारलं, "रावसाहेब, काय लिवलं?"

कारकुनाने वही त्याच्याकडे वळवली, आणि याला वाचता येत नसेल हे लक्षात येऊन स्वतःच वाचून दाखवलं.

"वेळ चौदा मिनिटे चाळीस सेकंद. रक्त नाही."